मात्सुएच्या हातचे उंडे

हिदाच्या डोंगरात ताशिरो नावाचं खोरं आहे. तिथे नदी अरुंद, आणि आभाळही नदीएवढंच. शरदात सूर्य दहाच्या सुमाराला पूर्वेचा कडा चढून येतो आणि तीनला पश्चिमेच्या कड्यामागे उतरतो. मधल्या पाच तासांत ज्याला वाळायचं त्याने वाळावं, ज्याला ऊब घ्यायची त्याने घ्यावी. अशा जागी भात पोटापुरता कधीच पिकला नाही. त्या खोऱ्याला जगवलं ते तोचीच्या झाडांनी.

तोचीचं फळ दिसायला फार देखणं. गडद तपकिरी, तेल लावून पुसल्यासारखं चकचकीत. पाहिलं की तोंडात टाकावंसं वाटतं, आणि टाकलं की दिवसभर थुंकत बसावं लागतं. माकडं ते हुंगतात आणि टाकून देतात. पण भूक माणसाला माकडापेक्षा चिवट करते. कधीकाळी कुण्या बाईने ते वाळवलं, भिजवलं, सोललं, ओढ्यात ठेवलं, उकळून राखेत पुरलं, धुतलं आणि चाखलं. पुन्हा पुरलं, पुन्हा चाखलं. शेवटी कडूपणा उतरला. मग चिकट तांदळाबरोबर वाफवून, उखळात कुटून तिने उंडे वळले. त्या बाईचं नाव कुणाला ठाऊक नाही. तिचं काम मात्र हातोहात उतरत मात्सुएपर्यंत आलं होतं.

मात्सुए एकविसाव्या वर्षी पलीकडच्या खोऱ्यातून लग्न होऊन आली. सासू बोलायला कमी. राखेतून काढलेल्या फळाचा कपटा ती सुनेच्या जिभेवर ठेवायची आणि तोंडाकडे बघत राहायची.

"काय म्हणते?"

"उतरला, सासूबाई."

"नाही उतरला. घशाशी खवखवतंय का बघ."

असं बारा वर्षं चाललं. तेराव्या वर्षी सासूने कपटा ठेवला, मात्सुए म्हणाली, "अजून एक रात्र," आणि सासू काही न बोलता उठून गेली. त्या दिवसापासून ताशिरोची जीभ मात्सुएची झाली. राख किती, रात्री किती, हे कुणालाही सांगता येतं. पण ओकच्या लाकडाची राख दर वर्षी वेगळी, फळ दर वर्षी वेगळं. शेवटचा निवाडा जिभेचाच. राखेत कमी राहिलं तर कडू, जास्त राहिलं तर साबणासारखं पांचट. मधली जागा केसाएवढी.

आता मात्सुए एकोणऐंशीची होती आणि खोऱ्यात धूर निघणारी अकरा घरं उरली होती. त्यांतलं सगळ्यात मोठं घर म्हणजे चिकागेची सराई. गरम पाण्याचं कुंड, ओढ्यातला मासा मीठ लावून निखाऱ्याशी उभा भाजलेला, पानावर परतलेला मिसो, म्हणजे सोयाबीनचं खारवलेलं वाटण, आणि शेवटी मात्सुएच्या हातचे उंडे. मेपल लाल झाले की शहरांतून बसगाड्या येत. रविवारी दुपारी मात्सुए सराईतल्या आगटीजवळ बसायची, प्रवाशांना तोचीची कूळकथा सांगायची, आणि ते उंडे खात "अहाहा" करायचे. ती मान खाली घालायची, पण पाठ ताठ असायची.

सहा वर्षांपूर्वी चिकागेने हात जोडून विचारलं होतं, "आजी, मला शिकवाल का?"

"हात शिकवेन. जीभ कशी शिकवू? बारा वर्षं बस माझ्याजवळ."

"सराई सोडून कशी बसू, आजी?"

"मग उंडे खा आणि समाधान मान."

चिकागे हसली होती. मात्सुएही हसली होती. पुन्हा तो विषय निघाला नाही.

तीन हिवाळ्यांपूर्वी मात्सुएला जोराचा ताप आला. दहा दिवस अंथरुणात. उठली तेव्हा सगळं जेवण तिला अळणी लागू लागलं. मिसो करणारे हल्ली मीठ चोरतात, असं तिने ठरवून टाकलं. मुळा पूर्वीसारखा राहिला नाही, चहात तर नुसतं गरम पाणी. म्हातारपणी जग बेचव होतं असं सगळेच म्हणतात, त्यात तिला काही नवल वाटलं नाही. उलट एका गोष्टीचा आनंद झाला. तोची लवकर उतरू लागली होती. पूर्वी दोन रात्री लागायच्या, आता एका रात्रीत जिभेला काही खवखवत नसे.

"भाऊजी, यंदाची राख फार जोरदार रे तुझी," ती इवाओला म्हणायची. इवाओ तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. लाकडं तोडायचा आणि राख तोच पुरवायचा.

"असेल, वहिनी. लाकूड चांगलं होतं," तो म्हणायचा आणि जोडे घालायला वाकायचा.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या एका शनिवारी इवाओची गाडी खाली जात होती, म्हणून मात्सुए साठ उंड्यांचा डबा घेऊन नेहमीपेक्षा दोन तास आधीच सराईवर पोचली. पुढच्या दाराशी पाहुण्यांच्या चपलांची गर्दी होती. ती मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेली. तिथे एक नवीनच बाई कांद्याची पात चिरत होती. महिन्याभरापूर्वी शहरातून आलेली, गोल चेहऱ्याची, तोंडाची मोकळी. मात्सुए एरवी यायची त्या वेळी ती विसाव्याला गेलेली असायची, म्हणून दोघींची गाठ पडली नव्हती.

"ठेवा तिकडे, मावशी. भाजी का?"

"उंडे."

"आणखी?" बाईने सुरी खाली ठेवली. "त्या मात्सुए आजींनी पाठवले ना? बरं, वरच्या फळीवर ठेवा. सोमवारी मी नेऊन टाकते."

"कुठे?"

"कचऱ्यात, आणखी कुठे. माझ्या भावाच्या डुकरांना घातले होते एकदा. डुकरांनीपण तोंड फिरवलं!" ती स्वतःच्याच बोलण्यावर खळखळून हसली. "तुम्ही खाल्लायत का कधी? मी खाल्ला पहिल्याच दिवशी. आई गं! कडू जहर. दोन दिवस घसा धरला होता."

मात्सुएने डबा हातातून सोडला नाही. "मग पाहुणे काय खातात?"

"हे काय." बाईने पायाने एक खोकं पुढे सरकवलं. आत पातळ कागदात गुंडाळलेले उंडे, सगळे एका मापाचे. "कारखान्याचे. गोड असतात, मऊ असतात. मालकीणबाईंनी सांगून ठेवलंय, आजींना कळता कामा नये. म्हातारं माणूस, वाईट वाटेल. मी म्हटलं, तीन वर्षं हे नाटक? पण इथली माणसं बाई, मेली तरी तोंडावर बोलायची नाहीत." तिने पुन्हा सुरी उचलली. "फार कडक आहेत म्हणे त्या?"

"कडकच आहे," मात्सुए म्हणाली. डबा तिने वरच्या फळीवर नीट ठेवला, सरळ केला आणि बाहेर पडली.

ती घरी गेली नाही. चढ चढून इवाओच्या अंगणात गेली. तो खालून परतला होता आणि लाकडं रचत होता. तिने पदराआडून काढावं तसं बाहीतून एक उंडा काढला. वाटेत खायला म्हणून सकाळी ठेवलेला.

"खा, भाऊजी."

"आत्ता? जेवून उठलोय, वहिनी."

"खा म्हणते ना."

इवाओने हात पुसले, उंडा घेतला, दोन घासांत खाल्ला. गिळताना मानेची शीर ताठ झाली. "छान झालाय," तो म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं.

"डोळ्यांना काय झालं?"

"वारा आहे."

वारा नव्हता. अंगणातलं पान हलत नव्हतं. मात्सुए लाकडाच्या ओंडक्यावर बसली. "कधीपासून?"

त्याने एक लाकूड रचावर सरकवलं. मग म्हणाला, "तुझ्या तापानंतर."

"आणि तू दर वर्षी दहा-दहा खाल्लेस? माझ्यासमोर?"

"खाल्ले."

"राख जोरदार म्हटलं तर हो म्हणालास! मी एका रात्रीत काढत होते, भाऊजी. एक शब्द टाकला असतास तर दोन रात्री ठेवले असते, तीन ठेवले असते. पहिल्याच वर्षी त्या चिकागेला शेजारी बसवलं असतं. माझे हात, तिची जीभ. तीन वर्षं गेली."

"कसं सांगायचं, वहिनी? तुझ्याकडे बघून कसं सांगायचं?"

"तोंडाने," ती म्हणाली.

इवाओ पुढचं लाकूड उचलायला वळला. त्याचं चुकलं असं त्याला वाटतही असेल, पण पुन्हा वेळ आली असती तर त्याने पुन्हा तेच केलं असतं, हे तिला स्वच्छ दिसलं. आणि तिनेही तेच केलं असतं. सासूच्या शेवटच्या वर्षांत सासूच्या हातचं सूप खारट ढोण व्हायचं, आणि सगळं घर वाटी चाटूनपुसून खायचं. ताशिरोत माया अशीच करतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिकागे आली. गुडघे टेकून नमस्कार करून म्हणाली, "आजी, दुपारी बस आहे. चाळीस माणसं. तुम्ही याल ना?" स्वयंपाकीण काही बोलली होती की नाही, चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

मात्सुएने तिच्यापुढे ताटली ठेवली. ताटलीत एक उंडा. "खाऊन बघ. कालचेच आहेत."

चिकागेने दोन्ही हातांनी उचलला, खाल्ला. "यंदाही सुरेख, आजी."

मात्सुएने दुसरा ठेवला. चिकागेने तोही खाल्ला. तिसरा तिने न चावता गिळला, पण ओठांवरचं हसू हललं नाही. मात्सुए चहा ओतत नव्हती. चौथा ठेवला तेव्हा चिकागेच्या कपाळावर घाम आला होता.

"पोटात जागा नाही उरली, आजी."

"जागेचं मी विचारत नाही."

चिकागेने चौथा उचलला, तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. कपाळ चटईला टेकवलं. "कडू आहे," ती म्हणाली.

"किती?"

"फार. क्षमा करा, आजी. फार कडू आहे."

"घशाशी का जिभेच्या शेंड्याला?"

"घशाशी."

"म्हणजे एक रात्र कमी." मात्सुए एकदम पुढे सरकली. तीन वर्षांत पहिल्यांदाच तिला काहीतरी हाताला लागल्यासारखं वाटत होतं. "ऐक. अजून दोन पोती फळं आहेत वाळवलेली. तू रोज संध्याकाळी ये. मी राखेत घालीन, तू चाख, मला सांग. बारा वर्षं नको. मी आहे तोवर ये."

चिकागे मान वर करेना.

"काय झालं?"

"कारखान्याशी पाच वर्षांचं बोलणं झालंय, आजी. त्यांनी सराईचं नाव छापलंय वेष्टणावर. आणि..." ती अडखळली. "पाहुण्यांना तेच आवडतात. मलाही सवय झाली. आता तुमचे नीट उतरलेले कसे लागायचे तेच आठवत नाही. मी काय चाखणार?"

बाहेर कुठेतरी फळ पत्र्यावर पडलं आणि गडगडत गेलं.

"मग मी कशाला येऊ आज?"

"तुम्ही हव्यात. उंडे काय, कुठेही मिळतात. लोक तुम्हाला बघायला येतात, आजी. बसवाल्यांनी त्यांच्या पत्रकात तुमचाच फोटो टाकलाय. तुम्ही नाही आलात तर पुढच्या वर्षी बस खालच्या गावातच थांबेल. मग सराई नाही, आणि सराई नाही तर..." तिने बोट खिडकीकडे केलं. खिडकीतून इवाओने रचलेली लाकडं दिसत होती. सराईच्या कुंडासाठीच तो ती तोडायचा. पलीकडे आणखी नऊ छपरं.

चिकागेने ताटली स्वतःच धुतली, नमस्कार केला आणि गेली.

दुपारी मात्सुएने निळा किमोनो नेसला, केस विंचरले आणि चालत सराईवर गेली. आगटीजवळची तिची जागा मोकळी होती. माणसं गोल करून बसली. तिने फळ कसं वेचतात, कसं भिजवतात, ओढ्यात किती दिवस ठेवतात, सगळं सांगितलं. राखेपाशी आल्यावर ती थांबली, तेव्हा चिकागे घाईने उंडे वाटू लागली. वेष्टणं काढलेली होती.

समोर एक सत्तरीची बाई बसली होती. साधी, उन्हाने रापलेली. ती हळू चावत होती. "आमच्या एचिगोच्या डोंगरातही तोची होती," ती म्हणाली. "माझी आई करायची. तिच्या उंड्याला गिळल्यावर शेवटी किंचित कडवट चव राहायची. घशाच्या पार आत. आई म्हणायची, ती राहिली तरच तोची, नाहीतर नुसता भात." तिने उरलेल्या अर्ध्या उंड्याकडे पाहिलं. "ह्यात ती अजिबात नाही. तुमच्याच हातचा ना हा, आजीबाई?"

चिकागेचा हात हवेत थांबला. दाराशी लाकडं घेऊन आलेला इवाओ तिथेच उभा राहिला. मात्सुएने त्या बाईच्या तोंडाकडे बघितलं. हीच ती जीभ, जी तिला हवी होती. ही बाई आज संध्याकाळी त्याच बसने निघून जाणार होती.

"हो," मात्सुए म्हणाली. "माझ्याच हातचा. आमच्याकडचं पाणी गोड आहे, म्हणून तसं होतं."

"असं होय," बाई म्हणाली. तिने नम्रपणे मान लववली, "छान आहे," म्हणाली, आणि उरलेला अर्धा उंडा कागदी रुमालात गुंडाळून कुणाला दिसणार नाही असा पिशवीत ठेवला. मात्सुएला दिसला. तिने दुसऱ्या पाहुण्याकडे तोंड वळवलं आणि राखेचं सांगायचं राहिलं होतं तिथून पुढे सांगू लागली.