सुनेला वळसा

सात रस्ता चौकापासून हाकेच्या अंतरावरची ती बाग म्हणजे पूर्वीचा टांग्यांचा अड्डा. घोड्यांना पाणी पाजायचा दगडी हौद अजून आहे, फक्त त्यात आता कमळं फुलतात. टांगेवाले ज्याच्या सावलीत डुलक्या काढायचे तो पिंपळही जागच्या जागी आहे. नवरा गेला आणि त्याच्या जागेवर गुरम्मा या बागेत माळीण म्हणून लागली. आल्या आल्या तिनं काय केलं, तर पिंपळाला खेटून कडुलिंबाचं रोप लावलं. तिच्या माहेरी, अक्कलकोटकडं, पिंपळ नवरा आणि लिंब नवरी. दोघं जोडीनं वाढली की रीतसर लग्न लावायचं.

"एकट्यानं ऱ्हाणं लई वाईट बघा," ती म्हणायची. तिच्याइतकं ते कुणाला ठाऊक असणार!

यंदा वैशाखात बार उडवायचा ठरला. काळ्या मण्यांची पोत घेऊन झाली. आता गंमत बघा. गुरम्मा लेकीकडं मंद्रूपला गेली असताना बागेत नव्या सरळ वाटेची आखणी झाली आणि आड येणाऱ्या लिंबावर तोडायचं झाड म्हणून लाल खूण पडली. परत आल्यावर बाईनं ती पाहिली आणि खुदकन हसली. तिला वाटलं, कुणीतरी हौसेनं नवरीला आधीच कुंकू लावलंय! महाराष्ट्र दिन तोंडावर आलेला. दरसालसारखा तिनं गेरू कालवला आणि झाडून सगळी खोडं रंगवून टाकली. कुंकवावरही गेरू बसला.

लाकूडतोडे आले ते डोकं खाजवत उभे राहिले. खूण करणारा साहेब बदलून गेलेला, नवा इंजिनिअर गुरुराज भर उन्हात धावत आला.

"मावशी, खुणेचं झाड कुठलं?"

तेव्हा कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ते कुंकू नव्हतंच! फाटकाजवळ वाळून लाकूड झालेला गुलमोहर होता. हात तिकडं वर झालासुद्धा! पण तिनं तो खाली घेतला.

"ह्योच लिंब, सायेब. खोटं बोलून संसार मांडू व्हय मी हिचा? पर ही नवरी हाय की वो!" आणि ती हमसून रडायलाच लागली. कनवटीची पोत काढून तिनं त्याच्यापुढं धरली.

गुरुराजनं ती पोत निरखली. मग हळूच, चक्क तिच्या माहेरच्या कानडीत म्हणाला, "मदुवे यावाग, अव्वा?" लग्न कधी, आई?

त्यानं माणसांना परत पाठवलं, चुना मागवला आणि वाटेची रेघ लिंबापाशी वळवली. लग्नात अंतरपाटाचं एक टोक त्यानंच धरलं होतं.

आता सकाळी फिरायला येणारे कुरकुरतात, सरळ वाटेत हा वळसा कशाला? गुरम्मा खराटा थांबवून ठसक्यात सांगते, "घरात सून आलीया. जरा वळून जावा की!"