लातूरहून निघालेली फिल्म

गुरुनाथअप्पांशी माझे शेवटचे बोलणे झाले ते वेगाविषयी. नांदेडच्या इस्पितळात ते खाटेवर, मी स्टुलावर आणि त्यांची लेक महानंदा उशाशी. नांदेड जिल्ह्यातले नायगाव तिचे सासर; म्हणून आजारपणात तिने वडिलांना इकडे आणले होते. डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून जे सांगायचे ते सांगितले होते. अप्पांना ते कुणी सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. महानंदाच्या लग्नाची फिल्म पाहायची आहे, एवढेच म्हणाले.

अप्पा लातूरचे. जन्मभर लग्नांचे शूटिंग केले. मी टेलिफोन खात्यात होतो. लातूरला बदली झाली तेव्हा त्यांच्या स्टुडिओत फोनची तार ओढायला गेलो आणि चहाला बसलो, तीच ओळख. मी कमी बोलणारा. ते चारचौघांत मला ‘मुका टेलिफोनवाला’ म्हणत. मुरुडपासून देवणीपर्यंत किती घरांचे मांडव त्यांनी टिपले असतील, पण स्वतःच्या घरात कॅमेरा उघडला तो एकदाच, लेकीच्या लग्नात. त्यांच्या पत्नी शांतावहिनी जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचे फोटो आहेत. चालत्याबोलत्या मात्र त्या एका फिल्ममध्येच.

ती फिल्म स्टुडिओतल्या जुन्या संगणकाच्या डिस्कवर होती. रुंद चपट्या तारेने जोडायची, जुन्या पद्धतीची डिस्क. आता ती कुरकुरत होती आणि हलवली तर पुन्हा फिरेल याची खात्री नव्हती. पेनड्राइव्ह लावण्याची त्या संगणकाची सोयही फार मंद. तेव्हा असे ठरले, की अप्पांचा मुलगा बसवराज याने लातूरलाच थांबावे, डिस्क तापू नये म्हणून तिच्यावर पंखा रोखून धरावा आणि इंटरनेटच्या लाइनीवरून फिल्म नांदेडला माझ्या घरच्या लॅपटॉपवर पाठवावी. अप्पांनी पडल्या पडल्या हिशेब केला. लाइनीचा वेग सेकंदाला आठ ‘एमबी’; म्हणजे दोन तासांत फिल्म यायला हवी. “सांजच्याला बघू,” ते लेकीला म्हणाले, आणि धुतलेला सदरा मागितला.

मला दुरुस्ती करावी लागली. डिस्कवाले बाइटमध्ये मोजतात, लाइनवाले बिटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. लाइनीचे आठ म्हणजे डिस्कच्या मापाने एक. डिस्कच्या लेबलवरचा वेगाचा मोठा आकडा इथे उपयोगाचा नव्हता. अरुंद वाट जेवढे जाऊ देईल तेवढेच जाणार. दोन तासांचे सोळा होतात. मी ते सांगितले. दुसरे काही सांगणे मला जमले नसते आणि त्यांनी ते ओळखलेही असते.

“म्हंजे तुमच्या खात्यानं जन्मभर चिल्लर मोजली आन् आमाला बंदे सांगितले,” अप्पा म्हणाले. महानंदा हसली. अप्पांनी मान खिडकीकडे वळवली.

“मग मला आठपट थांबावं लागंल, सायेब.”

वहिनी दिसतात तेवढा भाग कापून आधी मागवू, असे मी सुचवले. जन्मभर लोकांच्या फिल्मा कापत बसलेला हा माणूस नको म्हणाला. “ती कुठं कुठं हाय, मला बी ठावं न्हाई. समदं येऊ द्या. हुडकत बसू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा गेले. पाव हिस्सा फिल्म यायची राहिली होती, आणि अर्धवट आलेली फाइल उघडत नाही. बसवराजला मीच फोन केला. वडिलांच्या सांगण्यावरून तो पंखा धरून बसला होता. फोनमधून डिस्कची कुरकुर ऐकू येत होती. “काका,” त्याने विचारले, “बंद करू का हे?” चालू राहू दे, मी म्हणालो. थोड्या वेळाने आम्ही अप्पांना घेऊन निघालो. फिल्म लातूरहून नांदेडकडे येत होती... आणि अप्पा नांदेडहून लातूरकडे.

लिंगायत रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. अंगात तोच धुतलेला सदरा होता. काही पाहायला बसावे, तसे ते बसले होते.

मी परतलो तेव्हा फाइल पूर्ण आलेली होती. ती मी उघडली नाही. परवा महानंदा आली आणि आम्ही दोघांनी फिल्म पाहिली. वहिनी सापडायला वेळ लागला. मांडवाच्या कडेला, हातात अक्षतांचे ताट, कॅमेऱ्याकडे पाहून रागावलेल्या. “समद्यांना घ्यायलाव, तुमी कवा दिसनार ह्यात?” अप्पा त्या फिल्मभर कुठेच दिसत नाहीत. फक्त आवाज आला, अगदी जवळून.

“मी हाय की. तू बघायलीस, तिथंच हाय.”

महानंदाने फिल्म थांबवली. वहिनी आमच्याकडे पाहत राहिल्या. बऱ्याच वेळाने महानंदा उठून गेली. लॅपटॉप मी अजून बंद केलेला नाही.