वावरावरचं विमान

बहात्तरच्या दुष्काळात रिठद गावाकडच्या माळावर सरकारी कामं निघाली आणि मुरूम पसरून विमानासाठी धावपट्टी झाली. पुंजाजीचं सगळं वावर, होतं नव्हतं ते शेत, तिच्यात गेलं. बदल्यात त्याला पट्टीवरची चौकीदारी मिळाली. नागपूर-मुंबई विमान इथं थांबणार, पुढं हैदराबादचंही सुरू होणार, असं साहेबानं सांगितलं होतं. पुंजाजीनं ते खरं मानलं. दरवर्षी तो आणि बायको रुख्मिणी नागपूरला दीक्षाभूमीला जायचे ते गाडीच्या गर्दीत उभ्यानं, अंग आंबून. आता आपल्याच वावरातून नागपूरला उडता येईल, असं तो चारचौघांत सांगू लागला.

काम एवढंच, पट्टीवर ढोरं येऊ द्यायची नाहीत. पण गावची गुरं आजवर त्याच माळावर चरलेली. पुंजाजी काठी घेऊन धावायचा. लोक आधी हसले, मग चिडले.

पुढं मार्गाची पाहणी करायला अधिकारी छोट्या विमानानं येणार असं कळलं. नेमक्या त्या सकाळी सख्खा भाऊ जगदेव याची गाभण गाय पट्टीभोवतीच्या तारेतून आत शिरली. पुंजाजीनं ती कोंडवाड्यात घातली आणि स्वागताच्या गडबडीत विसरून गेला. विमान उतरलं, हारतुरे झाले, भाषणं झाली, विमान गेलं. उन्हात पाण्यावाचून गाय कोंडवाड्यातच मेली.

जगदेव दारात येऊन उभा राहिला. "तुले हे उडतं इमान सख्खं झालं," एवढंच बोलला. त्यानंतर दोघा भावांचं बोलणं तुटलं.

विमान काही परत आलं नाही. येणारा प्रत्येक साहेब पुढच्या वर्षाचं सांगायचा. अखेर एकानं जीपमधून न उतरताच सांगून टाकलं, की या भागात विमानात बसणारी माणसंच नाहीत, मार्ग रद्द झाला.

"मंग माहं वावर?" पुंजाजीनं विचारलं.

ते आता सरकारचं, असं साहेब म्हणाला.

पट्टीवरच्या गवताचा लिलाव झाला आणि तो गावचा बडा जमीनदार उदयसिंग यानं घेतला. पुंजाजीची चौकीदारी राहिली, पण आता उदयसिंगाची खिल्लारं आत सोडायची आणि बाकीच्यांची हाकलायची.

"कायले हाकलता लोकायचे ढोरं?" रुख्मिणी एकदा म्हणाली. "इमान त येऊन नाही राह्यलं."

तो काठी घेऊन पट्टीकडे निघून गेला. पण काही दिवसांनी जगदेवची गुरं तारेशी आली, तेव्हा त्यानं तार वर धरली आणि ती आत घेतली. उदयसिंगाच्या गड्यानं ते पाहिलं. आठवडाभरात चौकीदारी गेली. जगदेवला सगळं कळलं होतं, तरी तो आला नाही.

दिवाळीनंतर गवत कापायला मजूर लागले, तेव्हा पुंजाजी आणि रुख्मिणी उदयसिंगाकडे रोजानं गेले. रुख्मिणी मान खाली घालून विळा चालवत राहिली. पुंजाजी मात्र मधूनच थांबायचा आणि आपला बांध कुठून जात होता ते शोधायचा. मुरमाखाली त्याला तो सापडला नाही.