सील न लागलेले दार

ती घटना अजून मनातून जात नाही. तेव्हा मी बदलीवर चंदीगडला होतो. सेक्टर २२ मधून वडील बेपत्ता झाल्याची तक्रार घेऊन एक बाई पोलीस ठाण्यात आली. तक्रार लिहून झाली तरी ती उठेना. हातात वडिलांच्या इन्सुलिनचा डबा होता. "साहब, इसके बिना वो बचेंगे नहीं," एवढेच ती सांगत राहिली.

चंदीगडला लागून असलेल्या मुल्लानपूरला म्हाताऱ्याची थोडी जमीन होती. तिथे फ्लॅटचे टॉवर उभे राहू लागले आणि पुतण्याला ती विकायची घाई झाली. म्हातारा कागदावर अंगठा द्यायला तयार नव्हता. आम्ही पुतण्याला ठाण्यात आणले. तेवढ्यात एका खबऱ्याने कळवले, की याची मोटारसायकल तिकडच्या जुन्या डाक बंगल्याजवळ दिसते.

तिथल्या ठाण्याला कळवून मी माणसे पाठवली. त्यांचा फोन आला. इंग्रजांच्या काळातला बंगला, हातभर जाड भिंती, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, व्हरांड्यातल्या दाराला सरकारी कुलूप आणि लाखेचे सील, दोन्ही शाबूत. हाकेला उत्तर नव्हते.

पुतण्या दमदाटीला बधणारा नव्हता. मी चहा मागवला आणि सहज बंगल्याचा विषय काढला. खोटे बोलणाऱ्याला न विचारलेले सांगायची खोड असते.

"सामने वाला ताला देख लो जी, सील लगी है," तो म्हणाला.

सीलबद्दल मी अवाक्षर काढले नव्हते. आणि समोरचेच कुलूप का? मला नागपूरचा आमचा जुना सरकारी बंगला आठवला. तिथे न्हाणीघराला बाहेरून एक बुटके दार होते. मैला नेणारा माणूस साहेबाच्या नजरेस पडू नये, म्हणून केलेले. इथेही तसे दार असेल, तर सील लावणाऱ्यांनीही ते पाहिले नसणार.

"मागे जा, न्हाणीघराचं दार शोधा," मी फोनवर ओरडलोच.

फोनवरून दार फुटल्याचा आवाज आला. बाईने माझ्या टेबलाची कड घट्ट धरली होती.

"जिंदा है, सर."

इस्पितळात म्हाताऱ्याने मला आधी अंगठा दाखवला. शाई नव्हती. पुतण्याला ते दार कसे ठाऊक, असे मी विचारले.

"मैंने ही दिखाया था, जब वो छोटा था. मेरी माँ उसी दरवाजे से झाडू लेकर जाती थी. जमीन उसी की कमाई है."

घरफोड्यांच्या तपासात मी कितीतरी दारे तपासली, पण दार कोणासाठी केले हे कधी विचारले नव्हते. ते या प्रकरणाने शिकवले. आजीचे कष्ट कळावेत म्हणून म्हाताऱ्याने ते दार दाखवले होते. पुतण्याने लक्षात ठेवली ती फक्त वाट. मला आजही त्याची चीड येते.