मारुतीची मिशी

मी एकदा खानापुरात मेलो होतो. मंगळवार होता, कारण रेल्वेचा डॉक्टर मंगळवारीच ठेसनावर बसायचा.

मी तेव्हा लाइनीवर गँगमन. आमच्या बायकापोरांना तिथं औषध फुकट. पण पोरगं अठराचं झालं की बापाच्या कागदावरनं त्याचं नाव कमी. का, तर आता ते कमावतं! आमचा मारुती विसाचा, कमवत काय न्हवता, आणि तीन दिवस हिवतापानं खाट हालवत होता. (रानाकडंचा ताप वय विचारून येत न्हाय.)

मी ठरवलं, सोळाचा म्हणून सांगायचं. अंगानं काडीच होता. आडवी येत होती ती मिशी. बायको रुक्मा म्हणाली, "खोटं बोलू नगासा. तुमास्नी पचत न्हाय." मी तिचं कधी ऐकलं? (आता ऐकलं असतं. आता सांगायला ती न्हाय. चार महिने झाले.)

मारुतीला म्हटलं, न्हाव्याकडं जाऊन मिशी उतरून ये. मी नंबर धरायला पुढं गेलो.

बाप जिता असताना पोरगा मिशी काढत न्हाय, हे शाळेचं तोंड न बघितलेल्यालाही कळतं. मला त्या दिवशी कळलं न्हाय. पोरगं न्हाव्यापुढं बसलं ते लाल डोळ्यांनी, थडथडत. मिशी काढा म्हणालं. असल्या वेळी कोण चार प्रश्न विचारतं? रुक्मा सकाळीच विहिरीवर दिसलेली, म्हणजे आई धडधाकट; मग बापच गेला. न्हाव्यानं मिशीसंगं डोकंही भादरलं! पोरगं तापात. त्याला वाटलं, हाही इलाजच असंल.

न्हाव्यानं आमच्या मुकादमाला सांगितलं. मुकादमानं काम थांबवून गड्यांना बांबू तोडायला धाडलं आणि एकाला दवाखान्यात, माझं नाव कमी करायला. (पगाराला एवढी घाई त्यानं कधी केली न्हाय.) घरी बायका गळा काढून आल्या. रुक्मा तांदूळ पाखडत होती. कोण गेलं ते कळल्यावर तिनं त्यांनाच सुपानं हाणलं.

इकडं माझा नंबर आला. कंपाउंडरनं कागद बघितला. हा माणूस मयत आहे, म्हणाला.

"मी हाय की."

"कागदावर नाहीस. मयताच्या पोराला औषध नाही."

तेवढ्यात मारुती आला, तुळतुळीत. मागं सूप घेऊन रुक्मा, कपाळभर कुंकू. तिच्यामागं बायका, त्यांच्यामागं बांबू घेतलेले गडी. डॉक्टर बाहेर आला. पोराचं वय काय, म्हणाला. मी तोंड उघडलं, पण रुक्मा आधी बोलली.

"पोरगं विसाचं हाय, सायेब. ह्यांचं इचारू नगासा, अजून अक्कलदाढ यायची हाय."

डॉक्टर हसून हसून चष्मा पुसायला लागला. मग म्हणाला, नियमात बसत नाही. पण समोर पोस्टात हिवतापावरच्या कोयनेलची पुडी एका पैशाला मिळते. तिथं कोणी वय विचारत नाही.

त्या पोस्टावरनं मी अकरा वर्षं रोज जात होतो.

माझ्या खिशात पैसा न्हवता. मारुतीनं धोतराच्या सोग्याची गाठ सोडली. आत दोन पैसे. न्हाव्याला द्यायला मीच दिलेले. त्यानं घेतले न्हाईत; बाप मेलेल्या पोराकडनं कसं घ्यायचं, म्हणाला.

दोन पुड्या आल्या. पोरगं उठलं.

मी जिता असताना माझ्या नावावर त्याला काही मिळालं न्हाय. मेलो, तेव्हा निदान कोयनेल तरी मिळालं.