काकांच्या रक्तातला गहू

पालघरच्या कॉलेजात रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल चालू होतं. शिपाई दारात आला आणि म्हणाला, घरून फोन होता, तुझे काका गेले. सकाळी रक्ताची उलटी झाली आणि बोईसरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. हातातली परीक्षानळी स्टँडमध्ये ठेवताना माझ्या मनात पहिला विचार आला, तो दुःखाचा नव्हता... कुणी पाजली असेल? हे लिहायला लाज वाटते. पण आता दीड महिना झाला, आणि हे सोडून काकांबद्दल काही लिहिलं तर ते खोटं होईल.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील होडीवर असत, म्हणून माझा कॉलेजचा अर्ज भरायला काकाच आले होते. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. क्लार्कने अर्ज वाचून दाखवला, तर काकांनी त्याला तो पुन्हा वाचायला लावला. घाईत काहीतरी गाळलं असा त्यांना संशय होता. असा माणूस स्वतः संशयात सापडला.

जुलाब त्यांना कायमचे असत, अंगात रक्त नसे. मग पोटात डाव्या बाजूला दगडासारखं लागू लागलं, आणि एक दिवस रक्ताची उलटी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, यकृताकडे जाणाऱ्या शिरेत दाब वाढलाय, त्यामुळे प्लीहा सुजली आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात. गावाला एवढं ऐकायची गरज नव्हती. रक्ताची उलटी म्हणजे दारू. काका प्रत्येकाला सांगत, "मी घेत नाय. कदी घेतलीच नाय." होडीवरचे त्यांचे जुने सोबती हसत. मी हसत नसे, पण विश्वासही ठेवत नसे.

त्यांच्या पथ्याची जबाबदारी मी घेतली. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा पाव किंवा बिस्किटाचा पुडा घेऊन येतो. ते हलकं, तांदळाची भाकरी आणि सुकी मासळी जड, असं सगळेच मानतात. डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं. बोईसरहून बेकरीचा पाव आणायचो, घरात चपात्या करायला लावायचो. काका वाळत चालले, आणि संध्याकाळी हळूहळू चालत वाडीकडे जाऊ लागले. वाडीत ताडी मिळते. परत येत तेव्हा चेहरा जरा टवटवीत दिसे. मी जवळ बसण्याचं निमित्त करून त्यांचं तोंड हुंगायचो. वास नसायचा. सुपारी खाऊन येत असतील, असं मला वाटायचं.

एक दिवस ते परत आल्यावर मी त्यांच्या खांद्यावरची कापडी पिशवी ओढून घेतली. आत बाटली नव्हती. घडी घातलेलं फडकं होतं, त्यात अर्धी तांदळाची भाकरी आणि भाजलेला बोंबील. वाडीतली जानीमावशी त्यांना रोज करून घालत होती.

"ही खाल्ली का पोट गप बसतं रे," काका म्हणाले. चोरी पकडली गेल्यासारखे.

मी रागावलो. जड खाऊन मरायचंय का, असंही म्हणालो. मावशीला जाऊन बजावलं. काका एवढंच म्हणाले, "तू शिकलेला हायस. तुला जास्त कलतं." आणि त्यांनी वाडीला जाणं बंद केलं.

पुढे मुंबईच्या मोठ्या इस्पितळात एका डॉक्टरीणबाईंनी मात्र काकांचं म्हणणं, दारू घेत नाही आणि भाकरीने पोट गप बसतं, हे लिहून घेतलं, आणि मग विचारलं, घरात गहू खाता का? काही जणांना गव्हातला चिकट भाग सोसत नाही, शरीर त्याच्याविरुद्ध रक्तात प्रतिद्रव्यं तयार करतं. ती आहेत का ते बघायचं होतं. सुई टोचून घेताना काका मला म्हणाले, "गव्हाचा संशय हाय, तर गिरनीवाल्याचं रगत घ्या म्हनावं." पण नंतर हळूच विचारलं, "यात दारूचं पन कलंल काय?"

ती प्रतिद्रव्यं सापडली. बाईंनी गहू बंद करायला सांगितलं आणि भाकरी खुशाल खा म्हणाल्या. मी काकांकडे बघू शकलो नाही. मात्र बाईंनी हेही स्पष्ट सांगितलं की यकृताच्या अशा दुखण्यात ही चाचणी कधीकधी फसवते. आतड्याचा तुकडा काढून तपासल्याशिवाय खात्री देता येणार नाही, आणि शिरेतला दाब गव्हानेच वाढला असंही म्हणता येणार नाही. तुकडा काढण्याची तारीख मिळाली होती. त्याच्या आठ दिवस आधी काका गेले.

त्यामुळे गव्हाबद्दल मला आजही ठाऊक नाही. मी आणलेल्या पावांनी त्यांचं किती नुकसान केलं, काही केलं की नाही... कोण सांगणार? गावात अजून लोक विचारतात, खरं सांग, घेत होते ना?

पिशवी जाळ्यांच्या खुंटीला तशीच आहे. परवा आई ती धुवायला काढत होती, तेव्हा मी आतलं फडकं घेतलं. त्याची घडी अजून त्यांच्या हातची होती. मी ते नाकाशी धरलं, त्यांचं तोंड हुंगायचो तसंच. तांदळाच्या पिठाचा वास होता, थोडा बोंबलाचा. दुसरा कसलाच नाही.