तेलाच्या डब्यातला सोऱ्या

सोऱ्या मीच घालवला. घ्या, लिहून टाकलं एकदाचं.

सासूबाईंचा होता तो, पितळी, चकल्या पाडायचा. गुरुग्रामच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीतल्या तेलाच्या जुन्या डब्यात ठेवलेला असायचा. मी डबा रिकामा समजून कबाडीवाल्याला दिला. नाही, हेही खरं नाही. उचलताना आत खडखडलं होतं. ऐकलं मी. उघडून बघायचा कंटाळा केला.

दिवाळीआधी डबाच जागेवर दिसेना, तेव्हा बायकोने घर पालथं घातलं.

"अहो, सोऱ्या पाहिलात का?"

"असेल कुठेतरी," मी म्हणालो आणि बॅटरी घेऊन माळ्यावर चढलो. पुढच्या दिवाळीलाही चढलो. इतक्या तळमळीने शोधत होतो की मुलगी म्हणाली, "बाबा, चिल यार! चकलीची मशीनच आहे ना, ऑनलाइन मागवू." तिच्या आईने तिच्याकडे असं पाहिलं की तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत कुठला माल कुठल्या रॅकवर आहे, हे आमचा प्रोग्रॅम सांगतो. पूर्वी कुणी त्यातून रॅक काढून टाकला की त्यावरचा माल लटकत राहायचा. आकडा म्हणायचा आहे, पत्ता म्हणायचा नाही. मग आम्ही माल असलेला रॅक काढूच द्यायचा नाही असं केलं, पण पडद्यावर यायचं एवढंच: 'त्रुटी आली. पुन्हा प्रयत्न करा.' तो संदेश माझाच. 'असेल कुठेतरी'चा सख्खा भाऊ. लोक बिचारे पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचे. शेवटी मानेसरच्या एका कारखान्याच्या स्टोअर इनचार्जचा फोन आला, "सर जी, मना करना है तो करो, पर वजह तो बताओ!"

मग बसलो नव्याने लिहायला. काही काढून टाकायच्या आधी प्रोग्रॅमने आत डोकावायचं. आत माल असेल तर थांबायचं, काय आहे ते सांगायचं, आणि काय करायचं तेही. चाचणीसाठी खोट्या नोंदी लागतात. लोक 'टेस्ट वन' वगैरे लिहितात. माझ्या बोटांनी लिहिलं: जागा, तेलाचा डबा. माल, पितळी सोऱ्या, एक नग. बटण दाबलं.

'तेलाचा डबा काढून टाकता येणार नाही. आत पितळी सोऱ्या आहे. आधी तो बाहेर काढा.'

मला हसूच फुटलं. इतकं स्वच्छ या विषयावर आजवर कुणी बोललं नव्हतं, मी तर नाहीच. पुन्हा दाबलं. पुन्हा नकार. दुपारभर दाबत आणि खुदखुदत बसलो. शेजारची सहकारी म्हणाली, "सर, सब ठीक?" "बिल्कुल," मी म्हणालो.

काम सोपवताना चाचणीच्या सगळ्या नोंदी पुसायच्या असतात. बाकीच्या पुसल्या. डबा पुसायचा तर आधी सोऱ्या बाहेर काढायला हवा होता. हात धजेना. तो तसाच मानेसरला गेला.

पुढे एका रविवारी आम्ही दोघं गाडीतून दिल्लीला तिच्या भावाकडे जेवायला निघालो होतो. फोन वाजला, आणि गाडीच्या स्पीकरवरून इनचार्जचा खणखणीत आवाज घुमला.

"सर जी, संडे को तंग कर रहा हूँ. माल की गिनती चल रही है, एक आइटम नहीं मिल रहा. पितली सोरया."

मी ब्रेक दाबला. समोर कुणी नव्हतं.

"सिस्टम में एक पीस है, तेल के डब्बे में. सारे ड्रम खुलवा दिए जी! ये कौन सी गाड़ी में लगता है?"

बायको माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. समोर बघत फोनला म्हणाली, "भाई साहब, डब्बा डिलीट करके देखिए."

"देखा मैडम. मना कर रहा है. बोलता है अंदर सोरया है, पहले बाहर निकालो."

"अच्छा," ती म्हणाली. मग मला, "म्हणजे मशीनला कळतं, आधी आत बघायचं."

मी गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगितलं. कबाडीवाला, खडखड, माळा.

"दोन्ही दिवाळ्यांना चढलात?"

"हो."

"बॅटरी घेऊन?"

"हो."

"आणि धुळीने शिंकायला लागलात तर मी काढा करून दिला! अरे गाढवा!"

लग्न झाल्यापासून 'अहो' म्हणणारी बाई. आधी तीच दचकली, मग असली हसत सुटली की गाडी हलायला लागली. मीही. हसता हसता तिने डोळे पुसले, आणि ते पुसणं सगळंच हसण्याचं नव्हतं. "मूठ आईच्या हाताने झिजलेली होती हो," ती म्हणाली. "विचारलं तेव्हा सांगायचं. मी काय तुम्हाला कबाडीवाल्याला दिलं असतं?"

"सर जी? आवाज़ कट रही है. एंट्री का क्या करूँ?"

बायकोने नाक पुसलं. "सोरया ज़ीरो कर दीजिए, भाई साहब. निकल आया बाहर. अब डब्बा डिलीट कीजिए."

पलीकडे कीबोर्ड खडखडला. आम्ही दोघंही श्वास रोखून ऐकत होतो.

"हो गया मैडम! एक बार में! पर जी, था क्या वो?"

तिने सांगितलं. तिकडे तो कुणाला तरी ओरडून म्हणाला, "अरे, ड्रम बंद करो, चकली की मशीन थी!" आणि अख्ख्या स्टोअरचं हसणं आमच्या गाडीत भरलं.